आधी उठ, टीव्हीच्या मागे बघ

घेऊ की नको, घेऊ की नको. किती दिवस चाललंय हे तुझं? दिवाळीच्या सेलला हेच. प्रजासत्ताक दिनाच्या सेलला हेच. आयपीएल तोंडावर आली की पुन्हा हेच. दर वेळी मोबाईलवर नव्या स्टिकची पानं उघडतोस, एक कार्टमध्ये टाकतोस, आणि "बघू नंतर" म्हणून झोपतोस. याला विचार करणं म्हणत नाहीत. याला टाळणं म्हणतात.

आणि माझ्याकडे आलास तो काय घेऊन? "सर, टीव्हीची स्टिक जुनी झालीये, बदलू का?" एवढंच. किती जुनी? सांगता आलं नाही. मॉडेल कोणतं? "बघावं लागेल." बिघडलंय काय? "स्लो आहे." काय स्लो आहे? गप्प. तुझ्या वर्णनावरून मीच ताडलं, ती २०१७ ची फायर टीव्ही स्टिक असणार.

अरे, तू सॉफ्टवेअरमधला माणूस. ऑफिसात कुणी "स्लो आहे" एवढंच लिहून तक्रार पाठवली तर तू त्याला फाडून खातोस. कधीपासून, कुठल्या पानावर, किती सेकंद, सगळं विचारतोस. पुरावा दिल्याशिवाय हात लावत नाहीस. मग घरात पाऊल टाकलं की ती अक्कल चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतोस का?

माझ्या वर्गात प्रयोगवही लिहायचास तू. निरीक्षण आधी, निष्कर्ष शेवटी. दुसऱ्याच्या वहीतून निष्कर्ष उतरवणाऱ्यांना मी बाकावर उभं करायचो, आणि त्यांत तू कधी नव्हतास. आज मात्र निरीक्षणाचं पान कोरं आणि निष्कर्ष तयार: "जुनी झालीये." कुणाच्या वहीतून उतरवलास हा? जाहिरातीच्या?

"स्लो" ही तक्रार नाही. ही कुरकुर आहे. तक्रार कशी असते ते ऐक.

रिमोट दाबला की मेनू उशिरा हलतो, पण सिनेमा एकदा सुरू झाला की शेवटपर्यंत नीट चालतो. ही एक तक्रार. इथे संशय स्टिकवर. मेनू बरा आहे, पण चित्र मध्येच थांबतं आणि गोल फिरत बसतं. ही दुसरी. इथे संशय नेटवर. चित्र थांबत नाही, पण धूसर दिसतं. ही तिसरी. इथे नेट, तुझा प्लॅन आणि टीव्ही, तिघांचीही चौकशी करायची. ॲप उघडतच नाही, या उपकरणावर चालणार नाही असं सांगतं. ही चौथी, आणि इथे वाद संपतो. चार वेगळी दुखणी, चार वेगळे उपाय. तू चारही दुखण्यांवर एकच उपाय धरून बसलायस: नवी घे. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

यातली तुझी तक्रार कोणती? माहीत नाही ना? मग पैसे कशावर खर्च करायला निघालायस?

उठ. टीव्हीच्या मागे बघ. स्टिकची वीज कुठून घेतलीयेस? टीव्हीच्या यूएसबीतून. का? कारण स्टिकबरोबर आलेला अ‍ॅडॅप्टर मागच्या बाजूच्या प्लगात लावायला वाकावं लागलं असतं. टीव्हीचं साधं यूएसबी पोर्ट अर्धा अँपिअर देण्यासाठी बनवलेलं असतं. तुझ्या स्टिकचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर १ अँपिअरचा. म्हणजे तू तिला अर्धपोटी ठेवलंयस, आणि ती मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाली की "म्हातारी झाली" म्हणतोस. शिवाय टीव्ही बंद केला की बऱ्याच टीव्हींचं यूएसबीही बंद होतं. मग दर वेळी स्टिक पहिल्यापासून सुरू होते आणि तू सोफ्यावर बसून तिला शिव्या देतोस. तो अ‍ॅडॅप्टर कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे हेसुद्धा तुला माहीत आहे. फक्त उठायचं नाही.

अ‍ॅडॅप्टर नीट लागला असेल, तर उलट प्रश्न. शेवटची रीस्टार्ट कधी केलीस? टीव्ही बंद केला म्हणजे स्टिक बंद झाली असं होत नाही. ती झोपते, एवढंच. महिनोन्‌महिने ती तशीच चालू असते. सेटिंग्जमध्ये रीस्टार्ट आहे. रिमोटवरचं मधलं बटण आणि प्ले बटण एकत्र काही सेकंद दाबून धरलं तरी होतं. दोन मिनिटांचं काम. केलंस?

आता वायफाय. घरात फायबर घेतलंयस, वेगाचा प्लॅन मोठा आहे, हे चारचौघांत सांगतोस. तो वेग टीव्हीच्या मागे पोहोचतो का, हे कधी मोजलंस? राउटर हॉलच्या एका टोकाला, शोकेसच्या आत, फुलदाणीच्या मागे. स्टिक दुसऱ्या टोकाला, टीव्हीच्या पत्र्याला चिकटून. त्यात २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच असतात, आणि तुझ्या सोसायटीत प्रत्येक फ्लॅटमध्ये एक राउटर. सगळे त्याच तीन वाटांनी धावतायत. २०१७ ची स्टिकसुद्धा ५ गिगाहर्ट्‌झवर चालते. तुझी त्यावर जोडलीयेस का? बघितलंस? राउटर त्याच खोलीत असेल तर नेटवर्क बदलायला अर्धं मिनिट पुरतं. राउटर भिंतीपलीकडे असेल तर ५ गिगाहर्ट्‌झचा जोर भिंतीत मरतो. मग राउटर हलव. आणि स्टिकच्या डब्यात एक छोटी एचडीएमआयची जोडपट्टी आली होती. टीव्हीच्या पाठीपासून स्टिक जरा लांब राहावी, सिग्नल नीट मिळावा, म्हणून दिलेली. ती तू डब्यातून काढलीसुद्धा नाहीस.

मोजायचं कसं, हे मी सांगायला हवं का? तुझा फोन घे. टीव्हीच्या शेजारी उभा राहा. त्याच वायफायवर, त्याच ॲपमध्ये, तोच सिनेमा लाव. फोनवरही अडकला तर स्टिक निर्दोष. फोनवर सुरळीत आणि टीव्हीवर अडकला तर स्टिककडे बोट दाखवायचा हक्क तुला मिळाला. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरे, फोर-केला १५. हे आकडे काही मोठे नाहीत. तुझ्या प्लॅनच्या आकड्यापुढे तर काहीच नाहीत. मग अडतं कुठे, ते शोध. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. अ‍ॅडॅप्टर बदलला, राउटर हलवला, पाच ॲप उडवली, सगळं एकाच संध्याकाळी केलं, तर कशाने बरं झालं ते कळणार कसं? आठवीत शिकवलंय हे तुला मी.

मग स्टिकच्या पोटात बघ. २०१७ च्या एप्रिलमध्ये ही फायर टीव्ही स्टिक भारतात आली, ३,९९९ रुपयांना. १ जीबी मेमरी, ८ जीबी साठवण. त्यातली बरीचशी जागा सिस्टीमच खाते. उरलेल्यात तू काय काय कोंबलंयस? एकदाही न उघडलेले गेम, संपलेल्या वर्गणीची ॲप, भाच्याने एका सुट्टीत टाकून ठेवलेली कार्टून. काढ ती. उरलेल्यांचा कॅशे साफ कर. मुख्य पानावर आपोआप वाजणाऱ्या जाहिरातींच्या चित्रफिती सेटिंग्जमधून बंद कर. त्यांचाही भार त्याच १ जीबीवर पडतो.

हे सगळं करायला एक संध्याकाळ लागते. एक. तू यावर किती संध्याकाळी फक्त परीक्षणं बघण्यात घालवल्यास, त्याचा हिशेब तूच कर.

आणि हे सगळं इमानदारीने केल्यावरही मेनू रांगतच राहिला, तर? तर बदल. खुशाल बदल. लाज कसली त्यात? १ जीबी मेमरीवर आजची ॲप जड होतात. त्या स्टिकची सिस्टीम अँड्रॉइड ५.१ वर बेतलेली आहे, आणि ते अँड्रॉइड २०१५ चं. यंत्र थकतं. ते मान्य करण्यात काही वाईट नाही. वाईट आहे ते न तपासता थकलं म्हणणं. आणि त्याहून वाईट आहे ते थकलेलं दिसत असूनही डोळे मिटून घेणं.

हो, आता त्या दुसऱ्या सोंगाकडे येतो. कारण महिन्यातले पंधरा दिवस तू खरेदीला उतावळा असतोस आणि उरलेले पंधरा दिवस काटकसरीचा पुतळा. "चालतंय तोवर चालू दे, सर. उगाच कशाला?" चालतंय? कुणासाठी चालतंय? तू तर लॅपटॉपवर बघतोस, नाही तर फोनवर. टीव्ही कोण बघतं घरात? आई. दुपारी कामं आवरून ती बसते, रिमोट दाबते, काही होत नाही. पुन्हा दाबते. मग तीनदा दाबलेलं एकदम लागतं आणि भलतंच काही उघडतं. "माझंच काहीतरी चुकलं" म्हणून ती बंद करते. तुला सांगत नाही, कारण सांगितलं की तू म्हणतोस, "आई, थांब जरा, लोड होतंय." अरे, तिचं काहीही चुकत नाही! चुकतंय तुझं. तुझ्या "उगाच कशाला"ची किंमत ती भरतेय, आणि तू त्याला साधी राहणी म्हणतोस.

काटकसर करायची तर डोळे उघडून कर. जग कुठे चाललंय ते बघ. गूगलचं पहिलं क्रोमकास्ट २०१३ चं. त्याचं सॉफ्टवेअर पुरवणं कंपनीने २०२३ मध्ये थांबवलं. ॲपल टीव्हीची तिसरी पिढी २०१२ ची. तिच्यावरचं यूट्यूब २०२१ च्या मार्चमध्ये गेलं, नेटफ्लिक्स ३१ जुलै २०२४ ला गेलं. २०१४ च्या पहिल्या फायर टीव्हीवर आणि पहिल्या स्टिकवर नेटफ्लिक्स २०२५ च्या जूनमध्ये बंद झालं. ही यंत्रं बिघडली नव्हती. दिवा लागत होता, रिमोट चालत होता. त्यांच्यासाठी ॲप लिहिणाऱ्यांनी हात काढून घेतला. का काढला? चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धती आल्या. एव्ही-१ ही त्यांतली एक. कमी डेटात तेवढंच चांगलं चित्र पाठवणारी. नेटफ्लिक्सने ती टीव्हींसाठी २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू केली. तुझ्या स्टिकला ती समजत नाही. चोरी रोखणारी नवी डिजिटल कुलपं आली, जुन्या मेमरीत न मावणारी ॲप आली. हे तुला मी समजावायचं? तूच ऑफिसात जुन्या ब्राउझरचा आधार काढून टाकतोस आणि वर म्हणतोस, "किती दिवस ओढायचं?"

तुझी स्टिक त्या २०१४ च्या स्टिकची पुढचीच पिढी. मग कशाची वाट बघतोयस? अंतिम सामन्याच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना ॲप उघडायचं थांबेल, त्याची? मग धावत जाशील, मिळेल ती, मिळेल त्या भावात उचलशील. आज एक तास बसून शांतपणे घेता येणारा निर्णय तू त्या दिवसाच्या घाईवर ढकलतोयस.

सुरक्षेचं तर नावच काढत नाहीस. त्या स्टिकमध्ये तुझं खातं आहे. त्या खात्याला कार्ड जोडलेलं आहे. तिच्यातून खरेदी होऊ शकते. पिन लावलास? नाही. सुरक्षेचे अपडेट शेवटचे कधी आले ते बघितलंस? नाही. फोनला महिनाभर अपडेट आलं नाही तर अस्वस्थ होतोस. टीव्हीमागे लटकलेली ही स्टिकसुद्धा एक कॉम्प्युटरच आहे, हे तुला कळत नाही असं मला सांगू नकोस.

पण म्हणून वय हेच माप धरू नकोस. तीही आळशाचीच पळवाट. एनव्हिडियाचा शील्ड टीव्ही २०१५ चा, आणि त्याला २०२५ मध्येही सॉफ्टवेअर अपडेट आलं. २०१५ चाच ॲपल टीव्ही एचडी २०२४ चं टीव्हीओएस १८ चालवतो. तेव्हा प्रश्न "किती वर्षं झाली?" हा नाहीच. प्रश्न दोन आहेत. कंपनी अजून अपडेट देते का? आणि घरात रोज लागणारी ॲप अजून नीट चालतात का? दोन्हींची उत्तरं "हो" असतील तर हात मागे घे. एकाचंही "नाही" असेल तर पाकीट काढ. यात "बघू" कुठे बसतं?

आता तुझ्या हौसेकडे वळू. "घ्यायची तर फोर-केच घेतो, सर." का? "चित्र चांगलं दिसतं." कुणाला दिसतं? तुझा टीव्ही ४३ इंची. सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला, टीव्हीपासून १० फुटांवर. गणित मांड. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा फरक ओळखतो. ४३ इंची पडद्यावर फुल एचडी चित्राचा एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. त्या कोनाला तो ठिपका बसतो सुमारे १.७ मीटरवर. म्हणजे साडेपाच फुटांच्या पलीकडे बसलास की फुल एचडीचेच ठिपके सुटे दिसत नाहीत. मग चौपट ठिपके घेऊन १० फुटांवरून बघणार काय? ५५ इंची टीव्ही असता तरी ही मर्यादा सव्वासात फुटांच्या आसपास. त्रिकोणमिती तुला मी फळ्यावर शिकवली. परीक्षेपुरती होती का ती?

रंग आणि उजेड-अंधाराचा फरक, ज्याला एचडीआर म्हणतात, तो दहा फुटांवरूनही दिसतो. हे खरं. पण तो दाखवायची ताकद टीव्हीच्या पडद्यात हवी. तुझ्या टीव्हीत आहे? पुस्तिका उघडलीस? आणि टीव्ही मुळात फोर-के आहे का, हे तरी खात्रीने माहीत आहे? टीव्ही फुल एचडी असेल तर स्टिक कुठलीही लाव, ठिपके तेवढेच राहणार.

वर्गणीचं काय? नेटफ्लिक्सने २०२१ च्या डिसेंबरमध्ये भारतातले दर उतरवले. फक्त मोबाईलचा प्लॅन १४९, फुल एचडीचा ४९९, फोर-केचा ६४९. मोबाईलचा प्लॅन टीव्हीवर लागतच नाही. आणि तू फोर-केची स्टिक घेऊन त्यावर कोणता प्लॅन चालवणार आहेस? स्वस्तातला. म्हणजे यंत्रावर खर्च फोर-केचा आणि चित्र त्याच्या खालचं. चित्र धूसर दिसतं म्हणून स्टिक बदलायला निघाला होतास ना? आधी प्लॅन बघ. धूसरपणा तिथूनच येत असेल तर नवी स्टिकही तेवढंच धूसर दाखवेल.

हां, फोर-केची स्टिक घ्यायचं एक खरं कारण आहे, आणि ते तुझ्या तोंडून एकदाही आलं नाही. मेमरी. २०१८ च्या फोर-के स्टिकमध्ये दीड जीबी मेमरी, २०२१ च्या फोर-के मॅक्समध्ये २ जीबी, आणि एव्ही-१ सुद्धा. मेनू रांगतो ही तुझी खरी तक्रार असेल, तर पैसे त्यासाठी टाक. टीव्ही फुल एचडी असला तरी टाक. त्या १ जीबीच्या तुलनेत हा फरक आईला पहिल्याच दिवशी जाणवेल. पण कारण कळून घे. डब्यावरच्या मोठ्या अक्षरांकडे बघून घेऊ नकोस.

आणि एक गोष्ट आधीच बजावतो. तुला दीड-दोन हजारात "सगळे चॅनेल फुकट" दाखवणारा बिननावाचा अँड्रॉइड बॉक्स कुणीतरी सुचवलाय. माझ्यापासून लपवलंस, तरी तुझ्या बोलण्यावरून कळलं. तो घरात आणायचा नाही. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने असल्याच उपकरणांबद्दल लोकांना सावध केलं. बॅडबॉक्स २.० हे त्या टोळधाडीचं नाव. काही बॉक्समध्ये चोरवाट विकत घेण्याआधीच भरलेली असते, काहींमध्ये सुरुवातीला टाकायला लावलेल्या ॲपमधून ती घुसते. मग तुझ्या घरच्या नेटवरून दुसरेच लोक आपले उद्योग करतात, आणि पत्ता तुझा दिसतो. पुढच्याच महिन्यात गूगलने त्यामागच्या लोकांविरुद्ध न्यायालयात दावा लावला. बाधित उपकरणांचा आकडा १ कोटीहून जास्त सांगितला. शिवाय प्रमाणपत्र नसलेल्या अशा बॉक्सवर पैसे भरून घेतलेली ॲपसुद्धा एचडी चित्र देत नाहीत. म्हणजे चित्र खराब, घराचं दार सताड उघडं, आणि वर चोरीचा माल. तू नोकरी करतोस. कर भरतोस. पोरांना खरं बोलायला शिकवतोस. चार पैसे वाचवायला हे शोभतं का तुला?

घाईलाही मी एवढंच फटकारणार आहे. ९ मार्च २०२५ ला दुसऱ्या पिढीचं क्रोमकास्ट जगभर एकाएकी चालेनासं झालं. हे २०१५ चं उपकरण. कारण काय? आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली. यंत्र धडधाकट होतं. गूगलने सांगितलं, थांबा, फॅक्टरी रीसेट करू नका. काही दिवसांत दुरुस्ती आली आणि डबे पुन्हा चालू झाले. ज्यांनी ऐकलं नाही, लगेच रीसेट केलं, त्यांचा त्रास वाढला. ज्यांनी कचऱ्यात टाकलं, त्यांनी चालणारं यंत्र टाकलं. बातमी वाचायला लागणारी पाच मिनिटंही त्यांनी दिली नाहीत. तुझं बटण दाबायचं बोट असंच शिवशिवतं. म्हणून सांगतोय.

"मग नवं मॉडेल येईपर्यंत थांबू का?" नाही! हा प्रश्न पुन्हा माझ्यासमोर आणायचा नाही. नवं मॉडेल नेहमीच येणार असतं. गूगलने २०२४ च्या ऑगस्टमध्ये क्रोमकास्ट हे नावच बंद करून नवं यंत्र आणलं. उद्या आणखी कुणी आणखी काही आणेल. ज्याला ठरवायचं नसतं त्याला वाट बघायला कायम काहीतरी सापडतं. गरज आज असेल तर आज घे. गरज नसेल तर उद्याचं मॉडेलही तुझ्या कामाचं नाही.

खरेदीआधी आणखी एक तपासणी. तुझा टीव्ही स्वतःच स्मार्ट असेल, तर त्याच्यातली ॲप उघडून बघितलीस का कधी? ती बरी चालत असतील तर स्टिकची गरजच काय? आणि उलट बाजूने, टीव्हीची ॲप मेलेली असतील पण पडदा चांगला असेल, तर टीव्ही बदलायची भाषा करू नकोस. अशाच टीव्हीला चार-पाच हजारांची स्टिक आणखी काही वर्षं नीट वापरात ठेवते. स्टिक रुसली म्हणून चाळीस हजारांचा टीव्ही हप्त्यांवर घेणारे तुझ्याच मजल्यावर आहेत. त्यांच्या पंगतीत बसू नकोस.

नवी घेतलीस तर जुनीचं काय करणार? ड्रॉवरमध्ये टाकणार. तिथे आधीच तीन चार्जर आणि दोन मेलेले फोन आहेत. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, आणि रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे फक्त २२.३ टक्क्यांची. उरलेल्यात तुझं ड्रॉवर मोजलेलं नाही, एवढंच. आधी स्टिक खात्यातून काढ. मग फॅक्टरी रीसेट कर. रिमोटमधले सेल काढ. चालत असेल तर कुणा गरजूला दे, पण तिच्या मर्यादा सांगून दे. मेली असेल तर अधिकृत ई-कचरा केंद्रात नेऊन दे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी असल्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीये. तुझं काम फक्त त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचं. तेही जमणार नसेल तर नवं घ्यायचा हक्क काय तुला?

तुला वाटत असेल, एका स्टिकपायी सर एवढे का तापले? स्टिकपायी नाही तापलो. तुला सगळं येतं, म्हणून तापलो. ज्याला येत नाही त्याच्याजवळ मी शांतपणे बसतो, हात धरून शिकवतो. तू मोजू शकतोस आणि मोजत नाहीस. ठरवू शकतोस आणि ठरवत नाहीस. आज स्टिक आहे. उद्या घराचं कर्ज असेल, आईची शस्त्रक्रिया असेल, पोराची शाखा निवडायची असेल. तिथेही असाच कार्टमध्ये टाकून झोपणार आहेस का? छोट्या गोष्टीत निरीक्षण टाळायची सवय लागली की मोठ्या गोष्टीत ती सोडून जात नाही. ती वाढते. म्हणून इथेच मोडायची.

शनिवारी संध्याकाळपर्यंत वेळ देतो. स्टिकचं मॉडेल सेटिंग्जमध्ये बघ. अ‍ॅडॅप्टर लाव, रीस्टार्ट कर, राउटर हलव, फालतू ॲप काढ, एकेक करून. प्रत्येकानंतर काय बदललं ते कागदावर लिही. आईला शेजारी बसव, रिमोट तिच्या हातात दे, आणि कुठे अडतं ते ती सांगेल तसं टिपून घे. निरीक्षण तिचं, नोंद तुझी. मग ठेव किंवा बदल. दोन्हींतलं काहीही मला चालेल. "बघू" चालणार नाही.

आणि शनिवारी रात्री मला फोन कर. मॉडेल, मोजलेला वेग, निर्णय. तीनच गोष्टी सांगायच्या. चौथी सबब निघाली, तर फोन ठेवून देईन.